फोटोवरून बकच्या शिंगांचा अंदाज कसा घ्यायचा: टेक्सासच्या १३ इंची नियमापासून पूर्ण स्कोअरपर्यंत

ट्रेल कॅमेऱ्याचं (रानात बांधून ठेवलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कार्ड लॅपटॉपला लावलं आणि रात्री अडीचच्या फोटोत एखादा तगडा बक, म्हणजे नर हरीण, दिसला की तोंडातून जो पहिला आकडा बाहेर पडतो तो जवळजवळ नेहमीच चुकतो, आणि चुकतो तो वरच्या बाजूला. १३० स्कोअरचा (शिंगांच्या सगळ्या मापांची इंचातली बेरीज) बक १५० चा वाटतो, १२ इंचांचा स्प्रेड, म्हणजे दोन शिंगांमधलं अंतर, १५ चा वाटतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, बरीच वर्षं ऑस्टिनजवळ राहतो, आणि ली काउंटीत आम्ही पाच जण मिळून एक डिअर लीज घेतो, म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने जमीन. सुरुवातीला मी पण असेच आकडे फेकायचो. मग फेब्रुवारीत त्याच बकची झडलेली शिंगं हातात यायची, टेप लावली की खरं काय ते कळायचं. त्यातून हळूहळू जी पद्धत बसली ती इथे सगळी लिहून काढतोय, कारण इथे नव्याने शिकारीला लागलेले बरेच मराठी लोक मला हेच विचारतात आणि फोनवर सांगून ते नीट कळत नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाबद्दल आहे. इथे लायसन्स, सीझन, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) असं सगळं ठरलेलं असतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं, तिकडे जंगलात पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं शिंग उचलून घरी आणणं सुद्धा गुन्हा आहे. पण तुम्ही ताडोबा-नागझिऱ्यात फोटो काढत असाल आणि या सांबराची शिंगं किती असतील असा प्रश्न पडत असेल तर फोटो वाचायची रीत हीच, फक्त मापाची पट्टी त्या प्राण्याची घ्यायची. (आपलं चितळ इथे टेक्सासच्या हिल कंट्रीत मोकळं फिरतं बरं का, १९३० च्या दशकात आणून सोडलेलं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडी थांबवून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.)

अंदाज हवाच कशाला?

स्कोअरची हौस हा एक भाग झाला, पण आमच्याकडे त्याच्या आधी कायदा येतो. २००२ मध्ये टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफने (राज्याचं वन्यजीव खातं) सहा काउंट्यांमध्ये शिंगांवर मर्यादा आणली: ऑस्टिन, कोलोरॅडो, फेएट, लव्हाका, ली आणि वॉशिंग्टन (ही ऑस्टिन म्हणजे काउंटी, शहर नव्हे). तिकडे कोवळे नर फार मारले जात होते, वयात आलेला बक दिसणंच दुर्मीळ झालं होतं. पुढे हा नियम राज्यातल्या बऱ्याच काउंट्यांना लागला. नियम असा, की बकचा इनसाइड स्प्रेड, म्हणजे दोन्ही मुख्य दांड्यांच्या आतल्या बाजूंमधलं सगळ्यात रुंद अंतर, १३ इंच किंवा जास्त पाहिजे, नाहीतर किमान एका बाजूचं शिंग बिनफाट्याचं पाहिजे. यातलं काहीच नसेल तर तो बक मारायचा नाही. १३ चा आकडा निवडला कारण दीड वर्षाच्या बहुतेक नरांचा स्प्रेड त्याच्या आतच असतो, त्यामुळे ते आपोआप वाचतात. कुठल्या काउंटीत किती बक, कुठला टॅग, हे दरवर्षीच्या नियमांत बघूनच जा, त्यात बदल होत असतात.

म्हणजे आमच्याकडे चुकीचा अंदाज आला तर नुसती मान खाली जात नाही, अजून दोन-तीन वर्षांनी जो खरा बक झाला असता तो आजच संपतो. मला ही गोष्ट फार लागते. म्हणून एवढा खटाटोप.

डोक्यावरच्या पट्ट्या

फोटोत इंच नसतात, त्यामुळे ज्याचं माप आधीच माहीत आहे असं काहीतरी फोटोत लागतं. हरणाच्या डोक्यावर अशा तीन-चार पट्ट्या असतात. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे कान. बकने कान टवकारून पुढे धरलेले असताना एका कानाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेक्सासमध्ये साधारण १३ इंच धरतात, पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या चित्रांमध्ये पण हेच दाखवलेलं असतं, आणि १३ चा नियम रानात पाळता येतो तो यामुळेच: शिंगं टवकारलेल्या कानांच्या बाहेर गेलेली दिसली पाहिजेत. दुसरी पट्टी कानाची लांबी, ढोबळ सहा इंच. तिसरी डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, मोठ्या नरात सात-आठ इंच. चौथी डोळा, त्याचा घेर साधारण चार इंच म्हणजे रुंदी सव्वा इंच, ही शिंगाच्या जाडीसाठी कामाला येते.

आता हे आकडे सगळीकडे सारखे नसतात. उत्तरेकडचं, विस्कॉन्सिन किंवा कॅनडाकडचं हरीण अंगाने मोठं असतं, त्याचे कानही मोठे. तिकडच्या लोकांचे सोळा-सतरा इंचांचे आकडे वाचून ते टेक्सासच्या छोट्या हरणाला लावले की प्रत्येक बक राक्षस वाटायला लागतो. यावर उपाय एकच, आपल्या लीजवर जे हरीण मारलं जाईल, मादी असो की नर, त्याचं कान, डोळा-नाक सगळं टेपने मोजून वहीत लिहायचं. माद्यांचं माप थोडं कमी येतं पण आपल्याकडची हरणं लहान की मोठी एवढं तरी पक्कं होतं. माझ्या मते या अख्ख्या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

कॅमेरा कसा लावायचा

चांगला अंदाज कॅमेरा लावतानाच निम्मा ठरतो. लोक कॅमेरा हरणांसाठी टाकलेल्या मक्याच्या ढिगाला लागून पाच-सहा फुटांवर लावतात, फोटो मोठा येतो म्हणून. तिथेच घोळ होतो. समजा बक कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर आहे, मान खाली घालून मका खातोय, आणि त्याच्या शिंगाचा शेंडा कानापेक्षा एक फूट पुढे आलाय. म्हणजे कान सहा फुटांवर आणि शेंडा पाचवर, तर शेंड्याकडचा भाग कानाच्या मानाने २० टक्के मोठा दिसणार. ८ इंचांचा फाटा जवळजवळ साडेनऊचा झाला. तोच बक वीस फुटांवर असेल तर हा फरक पाच टक्क्यांवर येतो. म्हणून कॅमेरा पंधरा ते वीस फूट लांब ठेवा, फोटो थोडा बारीक आला तरी चालेल.

उंची हरणाच्या छातीएवढी, साधारण तीन ते साडेतीन फूट. झाडावर उंच बांधून खाली वाकवलेला कॅमेरा चोरीपासून वाचतो हे खरं, पण वरून काढलेल्या फोटोत शिंगांचा पसारा अंगाच्या मानाने भलताच मोठा दिसतो. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन लेन्समध्ये येत नाही. एका ट्रिगरला तीन फोटो असं सेटिंग ठेवा, शक्य असेल तर व्हिडिओ, कारण एकाच बकचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो मिळणं हे एका सुंदर फोटोपेक्षा कितीतरी चांगलं.

आणि एक सोपी गोष्ट, ज्यावर मला आता सगळ्यात जास्त भरवसा आहे: हरणं जिथे उभी राहतात तिथे एक पांढरा पीव्हीसी पाइप जमिनीत ठोका आणि त्याला दर सहा इंचांवर काळ्या टेपची पट्टी गुंडाळा. दोन-चार दिवस हरणं बिचकतात, मग त्याच्याकडे बघत पण नाहीत. बक त्या पाइपच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर उभा राहिला की कानाच्या अंदाजाची गरजच उरत नाही, पट्टी फोटोतच आली. फक्त बक पाइपच्या पुढे आहे की मागे ते पायांकडे बघून नीट ठरवा, नाहीतर पुन्हा तीच चूक होते.

कुठले फोटो ठेवायचे, कुठले टाकायचे

एका बकचे चाळीस फोटो असतील तर त्यातले पाच-सहाच कामाचे निघतात. मला लागतात ते असे: एक-दोन अगदी समोरून, डोकं वर, कान टवकारलेले. एक-दोन अगदी बाजूने. आणि असला तर एक तिरका, तीनचतुर्थांश कोनातला, फाटे मोजून घ्यायला. मान खाली घातलेले, हललेले, पावसात कान पाडलेले, कॅमेऱ्याला नाक लावलेले असे सगळे फोटो बाजूला ठेवा, ते बक ओळखायला चालतील पण मापाला नाही. मागून काढलेल्या फोटोत कान मागे वळलेले असतात, त्यावरही मी स्प्रेड मोजत नाही.

रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोंचं वेगळं दुखणं आहे. शिंगं फ्लॅशने पांढरीफेक होतात आणि त्यांच्या कडा फुलतात, त्यामुळे जाडी जास्त दिसते. उलट बारीक शेंडे कधीकधी मागच्या काळोखात विरून जातात. बक जरा हलला तरी फाट्याची सावली धरून तो दुप्पट रुंद होतो. दिवसाचा एक फोटो मिळाला तर रात्रीचे दहा बाजूला ठेवावेत.

मोजायचं नक्की काय

इथे स्कोअर म्हणतात तो बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीने. क्लब १८८७ चा, थिओडोर रूझवेल्ट वगैरे मंडळींनी काढलेला, आणि आज वापरतात ती मापाची पद्धत १९५० मध्ये आली. सगळं इंचात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. बेरीज अशी: इनसाइड स्प्रेड, दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, म्हणजे मेन बीम, प्रत्येक फाट्याची लांबी, आणि प्रत्येक बाजूला चार ठिकाणचा घेर, म्हणजे मास. ही झाली ग्रॉस. मग डाव्या-उजव्यातला फरक आणि वेडेवाकडे जादा फाटे वजा केले की टिपिकल, म्हणजे नेहमीच्या सरळ घडणीच्या शिंगांच्या, बकचा नेट येतो. फाट्यांना खालून नंबर असतात, भुवईजवळचा जी-१, मग जी-२, जी-३ असं वर. फाटा मोजला जायला किमान एक इंच लांब पाहिजे आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त पाहिजे. टेक्सासमध्ये एट पॉइंट म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ, प्रत्येक बाजूला तीन फाटे आणि बीमचं टोक. पश्चिमेकडच्या राज्यांत लोक एकाच बाजूचे मोजतात, तिकडच्या मित्राशी बोलताना हे लक्षात ठेवा.

क्लबच्या कायमच्या नोंदवहीत टिपिकल व्हाइटटेलला १७० नेट लागतात. जगातला सगळ्यात मोठा टिपिकल मायलो हॅन्सन यांनी १९९३ मध्ये कॅनडात सॅस्कॅचवानमधल्या बिगर गावाजवळ मारला, २१३ आणि पाच अष्टमांश. हे एवढ्यासाठी सांगितलं की फोटो बघून १८० म्हणायच्या आधी आपण काय बोलतोय ते कळावं.

स्प्रेड

समोरचा फोटो घ्या, मोबाइलवर नको, लॅपटॉपवर. कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये दोन बिंदूंमधलं अंतर पिक्सेलमध्ये मिळतं. समजा कानाच्या टोकापासून टोकापर्यंत २६० पिक्सेल आले. १३ इंच धरले तर एका इंचाला २० पिक्सेल. आता दोन्ही बीमच्या आतल्या कडांमधलं सगळ्यात रुंद अंतर मोजा, ते आलं ३१०. भागिले २०, साडेपंधरा इंच. झालं? नाही झालं. या बकचे कान १२ चे असतील तर हेच माप १४.३ येतं, १४ चे असतील तर १६.७. म्हणजे खरं उत्तर 'साडेपंधरा' असं नसून 'सव्वाचौदा ते पावणेसतरा' असं आहे. शिवाय समोरच्या फोटोत बीम पुढे वळलेल्या असतात, कानांपेक्षा सात-आठ इंच कॅमेऱ्याच्या जवळ, पंधरा फुटांवर त्याने अजून चार-पाच टक्के फुगतात.

म्हणून १३ च्या नियमासाठी मी इंच काढतच नाही, गुणोत्तर काढतो. स्प्रेडला कानांच्या अंतराने भागायचं. वरच्या फोटोत ३१० भागिले २६० म्हणजे १.१९. १.१५ च्या वर असेल तर कान लहान निघाले तरी बक १३ च्या पुढे राहतो, तो माझ्या यादीत येतो. १.०५ असेल तर कान १३ चे धरून साडेतेरा येतात खरे, पण कान १२ चे निघाले तर १२.६, म्हणजे बेकायदा. तो बक माझ्यापुरता या वर्षी बंद. लक्षात घ्या, गेम वॉर्डन (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) कान मोजत नाही, तो शिंगांमध्ये टेप लावतो.

दोन चुका हमखास होतात. एक, बीमच्या बाहेरच्या कडा मोजणं, त्याने दोन-अडीच इंच फुकट वाढतात. दुसरी, कान आडवे पडलेल्या फोटोत कानांना १३ धरणं. कान सैल बाजूला पडले की टोकांमधलं अंतर बदलतं, मग सगळं गणितच हलतं. कान टवकारलेले नसतील तर तो फोटो नाही, बस्स.

बीम

ही एकच गोष्ट अशी आहे जी फोटोवरून लोक कमी धरतात. बीम मोजतात ती बाहेरच्या वळणावरून, मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि ती मागे, बाहेर, मग पुढे आणि आत अशी फिरते. बाजूच्या फोटोत तिचं बाहेर जाणं दिसतच नाही. मी बाजूच्या फोटोवर वळणावरून सहा-सात छोट्या सरळ रेषा जोडत जातो, बेरीज करतो, कानाच्या लांबीने किंवा डोळा-नाक अंतराने इंच काढतो आणि त्यात दीड-दोन इंच मिळवतो. हे दीड-दोन कुठून आले तर माझ्याकडे नंतर सापडलेल्या शिंगांशी ताडून, तुमच्याकडे वेगळं येऊ शकतं. एका बाजूचीच बीम नीट दिसत असेल तर दुसरी तेवढीच धरायची, अर्धा इंच कमी करून.

फाटे

इथे खरा फुगवटा येतो. फाटा मोजतात तो बीमच्या वरच्या कडेपासून. फोटोत मात्र डोळा बीमच्या खालच्या कडेपासून सुरू करतो, म्हणजे बीमची जाडी प्रत्येक फाट्यात धरली जाते, इंच-सव्वा इंच. एट पॉइंटला सहा फाटे, झाले सहा-सात इंच उगाच. फोटोवर आधी बीमची वरची कड एका रेषेने आखून घ्या, फाट्यांच्या बुंध्यातून ती रेषा जाऊ द्या, मग त्या रेषेपासून शेंड्यापर्यंत मोजा.

उलट दिशेची चूक पण होते. फाटा कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने कललेला असला की तो आखूड दिसतो. १० इंचांचा फाटा ३० अंशांत कलला तर ८.७ दिसेल, ४५ अंशांत ७. त्यामुळे एकाच फाट्याची तीन-चार फोटोंतून मापं काढा आणि लांबून काढलेल्या फोटोंपैकी जे सगळ्यात मोठं येईल ते घ्या, कारण कलण्याने फाटा फक्त आखूड होतो, लांब कधीच होत नाही. लांब करतो तो फक्त जवळचा कॅमेरा, आणि ते फोटो आपण आधीच काढून टाकलेत. ही गोष्ट कळल्यापासून माझे आकडे खूप सुधारले.

पहिल्या सीझनला मी एका बकचा जी-२ अकरा इंच धरला होता, मक्याच्या ढिगावरचा, पाच फुटांवरून काढलेला फोटो. फेब्रुवारीत तेच शिंग कुंपणाच्या तारेजवळ पडलेलं मिळालं (हरीण तारेवरून उडी मारतं त्या हिसक्याने सैल झालेलं शिंग बरेचदा तिथेच पडतं), टेप लावली तर आठ. एका फाट्यात तीन इंच.

जाडी

पिक्सेलने मोजायच्या फंदात पडू नका. २० पिक्सेल म्हणजे एक इंच असताना कड चार पिक्सेल धूसर असेल तर रुंदीत ०.२ इंच, घेरात ०.६, आणि आठ ठिकाणी मिळून पाच इंचांची चूक. त्यापेक्षा डोळ्याशी तुलना करा. मुळाशी शिंग डोळ्याएवढं रुंद दिसतंय तर चार इंच, स्पष्ट जास्त दिसतंय तर साडेचार, पाच. वर जाताना जाडी टिकते की पटकन बारीक होते ते बघा. आमच्याकडच्या वयात आलेल्या नराला मी एका बाजूचे चार मिळून १४ ते १६ धरतो, दीड-अडीच वर्षांच्या पोराला त्याहून बरंच कमी.

बेरीज करून बघू

समजा एक एट पॉइंट आहे. स्प्रेड १६. बीम २१ आणि २०.५. जी-१ दोन्हीकडे ४. जी-२ ९ आणि ८.५. जी-३ ७ आणि ७.५. घेर प्रत्येक बाजूला ४.५, ४, ४, ३.५, म्हणजे १६, दोन्हीचे ३२. आता १६ अधिक ४१.५ अधिक ८ अधिक १७.५ अधिक १४.५ अधिक ३२, ग्रॉस १२९.५. फरकाचे दीड इंच वजा, नेट १२८.

यात स्प्रेडचा वाटा किती तर जेमतेम १२ टक्के. बीम ३२, फाटे ३१, जाडी २५. सगळे जण फोटो बघून आधी 'केवढा रुंद आहे' म्हणतात, पण रुंदीने स्कोअर फारसा हलत नाही. अरुंद पण उंच फाट्यांचा टेन पॉइंट रुंद, आखूड फाट्यांच्या एट पॉइंटला सहज मागे टाकतो. कायद्यासाठी स्प्रेड, स्कोअरसाठी बीम आणि फाटे, हे डोक्यात वेगळं ठेवा.

मी वहीत एकच आकडा लिहीत नाही, '१२० ते १३५, बहुतेक १२८' असं लिहितो. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीच्या डिअर लॅबने बकस्कोर नावाचं सॉफ्टवेअर काढलंय, ते पण याच तत्त्वावर चालतं, अंगावरच्या माहीत असलेल्या मापांवरून फोटोतली शिंगं काढतं. चांगलं आहे, पण फोटो खराब दिला तर उत्तर खराबच येणार.

वय आणि महिना

अंग बघितल्याशिवाय शिंगांवर विश्वास ठेवू नका. दीड वर्षाचा नर लांब पायांचा, बारीक मानेचा, मादीला शिंगं लावल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या छोट्या डोक्यावर साधी शिंगं पण मोठी वाटतात. चार-पाच वर्षांच्या बकची छाती खोल उतरलेली असते त्यामुळे पाय आखूड वाटतात, माजाच्या दिवसांत मान फुगून छातीत मिसळते, पाठ-पोट जड होतं. अशा अवाढव्य अंगावर चांगली शिंगं पण साधी दिसतात. मारल्यावर जवळ गेलं की शिंगं लहान निघाली, याला इथले लोक ग्राउंड श्रिंकेज म्हणतात, आणि त्यातली बरीच प्रकरणं कोवळ्या नराची असतात. नर शिंगांच्या बाबतीत भरात येतो तो साधारण पाच ते सात वर्षांचा असताना.

महिना पण लिहा. शिंगं वसंतात फुटतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात, ऑगस्टमध्ये वाढ जवळपास पूर्ण होते आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मखमल उतरते. जुलैच्या फोटोवरून लांबी ठरवू नका, ती अजून वाढणार आहे, आणि जाडी तर अजिबात ठरवू नका, मखमलीने शिंग जाडजूड दिसतं आणि उतरल्यावर एकदम बारीक होतं. मी सप्टेंबर मध्यानंतरचे फोटोच मापाला घेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मारामारीत शेंडे तुटतात, त्यामुळे सीझन सुरू व्हायच्या आधी ताजे फोटो परत बघा.

ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसल्यावर

फोटोंनी यादी तयार होते, एवढंच. ट्रिगरच्या वेळी समोर उभा आहे तो तोच बक आहे का हे आधी ठरवा, फाट्यांचा आकार, तुटका शेंडा, गळ्यावरचा पांढरा पट्टा, कानातली चीर, असं काहीतरी प्रत्येकाचं टिपून ठेवा. मग दुर्बिणीतून थांबा. तो समोर तोंड करून कान टवकारेपर्यंत थांबा. शिंगं कानांच्या बाहेर दोन्हीकडे मोकळी दिसली तर पुढचा विचार. रायफलच्या स्कोपमधून अंदाज घेऊ नका, दुर्बीण त्यासाठीच आहे. आणि अंधार पडत आला असेल, तो सतत चालत असेल, एकच बाजू दिसत असेल तर सोडून द्या.

मारलाच तर तिथेच टेप काढून स्प्रेड, बीम, फाटे, घेर, आणि कान, डोळा-नाक सगळं मोजा, फोटोवरच्या अंदाजाशेजारी लिहा. अधिकृत मापाला शिंगं ६० दिवस वाळावी लागतात आणि त्यात थोडी आटतात, पण आपल्याला आपली चूक किती आणि कुठल्या बाजूला हे कळायला ओलं माप पुरतं. माझ्या वहीत फाटे सतत जास्त येत होते आणि बीम सतत कमी, हे तिसऱ्या वर्षी लक्षात आलं.

सोडलेल्या बकचे फोटो पण पुसू नका. मागच्या सीझनला एक टेन पॉइंट होता, गुणोत्तर १.०७, अंग तीन वर्षांच्या आसपासचं, दोनदा ब्लाइंडसमोर साठ यार्डांवर येऊन उभा राहिला आणि मी दोन्ही वेळा त्याचे फक्त फोटो काढले. फेब्रुवारीत जमीनमालकाला विचारून कुंपणाच्या तारेच्या कडेने चालत गेलो तेव्हा त्याचं डावं शिंग मिळालं. बीम १९.५, मी फोटोवरून १९ धरली होती. जी-२ साडेआठ, माझा अंदाज पावणेनऊ. ऑगस्टमध्ये पाइप परत त्याच जागी ठोकलाय, कॅमेरा अठरा फुटांवर.